बेलपाड्याहून वर

हरिश्चंद्रगडावर जाणारी बहुतेक माणसं पाचनईहून चढतात. अकोले तालुक्यातल्या राजूरहून पाचनईपर्यंत गाडीरस्ता आहे, तिथून दोन-अडीच तासांत माणूस गडावरच्या मंदिरापाशी पोचतो. दुसरी मळलेली वाट जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येते. ती लांब आहे, पण अवघड म्हणावी अशी नाही. दोन्ही वाटा घाटमाथ्यावरून निघतात, म्हणजे अर्धा डोंगर गाडीनेच चढून झालेला असतो. गड पाहून होतो, देऊळ पाहून होतं, कोकणकड्याच्या टोकावर पालथं पडून खालचं कोकण पाहून होतं. पण या डोंगराला केवढी पाठ आहे ते कळत नाही. ती पाहायची तर खाली कोकणात उतरून, ठाणे जिल्ह्यातल्या बेलपाड्याहून नळीच्या, म्हणजे अरुंद घळीच्या, वाटेने वर यावं लागतं.

मी राहतो तेही राजूरच, पण यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीजवळचं. कोळशाची कॉलरी आणि चुनाभट्ट्या यांच्यामुळे आसपासच्या चार तालुक्यांत माहीत असलेलं गाव. आमच्याकडे डोंगर म्हणजे खाणीतून काढून रचलेल्या मातीचे ढीग, असं कुणी म्हटलं तर मला राग येत नाही. दगडांच्या बाबतीत मात्र आमचा भाग गरीब नाही. राजूरच्या भट्ट्यांत भाजला जातो तो चुनखडक शंभर कोटी वर्षांच्याही मागचा, पैनगंगा खोऱ्यातल्या जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेला. कोळसा त्या मानाने तरुण, साधारण पंचवीस-सत्तावीस कोटी वर्षांचा. आणि या दोघांच्याही डोक्यावर, वणीच्या पश्चिमेला, काळा बेसाल्ट सुरू होतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले आणि निम्म्याहून अधिक महाराष्ट्र त्यांनी झाकून टाकला. ही चादर पूर्वेकडे विरत विरत आमच्या तालुक्यांत संपते. झरी-जामणीतल्या शिबल्याजवळ तिचे षटकोनी खांब उघडे पडलेले आहेत, ते पाहायला आम्ही सायकलीने जायचो. आमच्याकडे विहीर खणताना काही हातांवर तळ लागतो तो हाच दगड. मग त्याचं दुसरं टोक कसं दिसत असेल, हा प्रश्न मला डोंगराच्या ओढीपेक्षा जास्त छळत होता.

सोय चांगली आहे. बल्लारशाहहून मुंबईला जाणारी नंदीग्राम एक्सप्रेस वणीला थांबते आणि आदिलाबाद, किनवट, नांदेड, परभणी, जालना, मनमाड करत कल्याणला सोडते. वाटेत जालन्यापासून जवळ आणखी एक राजूर आहे, गणपतीचं. एका प्रवासात तीन राजुरं करून आलो असं सांगता येतं, पण त्याचं कौतुक माझ्याशिवाय कुणालाही वाटलेलं नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारी आळेफाट्याची एसटी धरायची, मुरबाड-टोकावडे मागे टाकायचं आणि घाट सुरू होण्याआधी मोरोशी, सावर्णे या पट्ट्यात उतरून आत बेलपाडा गाठायचं. डोंबिवलीला नोकरी करणारा माझा भाचा कल्याणला येऊन मिळाला. त्याने आधी पाचनईहून गड केलेला होता आणि नळीच्या वाटेला त्याला माझ्यापेक्षा मित्र सोबत हवे होते, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

बेलपाड्यात संध्याकाळी पोचावं. सकाळी पोचलात तर समोरचा डोंगर सावलीत असतो आणि सगळा एकच काळा पडदा वाटतो. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन थेट त्याच्या अंगावर पडतं आणि थर मोजता येतात. मी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. आमच्याकडे जेमतेम काही हात जाडीचा असलेला दगड इथे हजार मीटर उंच भिंत होऊन उभा होता. थरांमध्ये मधूनच लाल माती भाजल्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. एका लाव्ह्याचा थर थंड होऊन, त्यावर माती धरून, मग पुढचा लाव्हा येईपर्यंत गेलेला काळ त्या रेघांत साठलेला आहे. आणि या सगळ्या थरांच्या मधोमध, वरच्या अर्ध्या भागात, कोकणकडा. तो सरळ नाही, आत वाकलेला आहे. वरच्या कडेवरून दगड सोडला तर बऱ्याच उंचीपर्यंत तो भिंतीला शिवणार नाही असा.

हा समुद्रकाठचा डोंगर आहे का? नकाशात पाहिलं तर नाही. कड्यापासून वसईचा किनारा सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर दूर आहे. पण भूशास्त्र सांगतं ते वेगळं. लाव्हा थंडावल्यानंतर, भूशास्त्राच्या मापाने लवकरच, सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला, अरबी समुद्र रुंदावला आणि नव्या किनाऱ्याची कडा ऊन-पावसाने झिजत झिजत पूर्वेकडे सरकत आली. मागे उरलेली सखल पट्टी म्हणजे कोकण आणि सरकत आलेली कडा म्हणजे सह्याद्री. ती अजूनही सरकते आहे. नळीच्या वाटेतला प्रत्येक धोंडा त्याच कामातला मलबा आहे.

वाटाड्याशिवाय या वाटेला जाऊ नये. हे मी औपचारिकपणे लिहीत नाही. कोकणकड्याच्या आसपास अनेक घळी खाली उतरतात, खालून सगळ्या सारख्या दिसतात, आणि त्यांतल्या काही मध्येच कातळाला जाऊन थांबतात. गावातली ठाकर आणि महादेव कोळी समाजातली मुलं ही वाट करतात. त्यांच्याकडे दोर असतात, आणि मुख्य म्हणजे कुठल्या पावसाळ्यात कुठला दगड हलला याची बातमी असते. आमचा वाटाड्या पंचविशीतला होता. मी आमच्या सवयीने त्याला भाऊ म्हणायचो, तो मला काका म्हणायचा. रात्री त्याच्या घरी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी झाली. आम्ही जवसाची चटणी नेली होती. ती त्याच्या आईला आवडली, की पाहुण्याचं मन राखलं, ते कळलं नाही. झोपण्याआधी त्याने आमच्या बुटांचे तळवे उलटे करून पाहिले आणि भाच्याच्या पाठपिशवीतलं निम्मं सामान बाहेर काढून ठेवलं. तंबू, गादी, दोन जाकिटं. "वर सगळं भाड्यानं मिळतं," तो म्हणाला, "पाठीवर पाणी घ्या." माणशी निदान चार लिटर. घळीत एखाद्या डबक्यात पाणी सापडतं, पण हिवाळा सरू लागला की त्याचा भरवसा नसतो.

अंधारातच निघालो. त्यामागे हिशोब आहे. घळ पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारपर्यंत तिथे सावली असते आणि दुपारनंतर ऊन समोरून आत शिरतं. दोन्हीकडच्या भिंती तापल्या की आत हवा हलत नाही. कातळटप्पे उन्हाच्या आधी संपले पाहिजेत.

पहिला तास-दीड तास सपाटीचा. गावाबाहेर सागाचं विरळ रान, ऐन, कुडा, मधूनच उंबर, आणि मग ओढ्याचं कोरडं पात्र. सागाची वाळलेली पानं पायाखाली वाजायला लागली तेव्हा आमच्या मारेगाव-झरीच्या जंगलात असल्यासारखं वाटलं. पात्र जसं वर चढतं तसे दगड मोठे होत जातात. आधी मुठीएवढे, मग उंबऱ्याएवढे, मग खोलीएवढे. पावसाळ्यात इथून काय वाहत येत असेल याचा अंदाज पाण्यावरून नव्हे, या धोंड्यांवरून येतो. त्यांच्या पोटात ठिकठिकाणी पांढऱ्या गाठी आहेत. लाव्ह्यातल्या हवेच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे स्फटिक भरले, त्या या गाठी. भाच्याने एक उचलून पाहिला, वाटाड्याने तो त्याच्या हातून घेऊन जागेवर ठेवला. बहुतेक अभयारण्याचा नियम असावा असं मला वाटलं (हा डोंगरपट्टा 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे), पण त्याचं कारण वेगळं होतं. दगड उचलताना आधी खाली कोण आहे ते बघायचं, ही सवय त्याला आम्हाला पहिल्यापासून लावायची होती.

नळीत शिरल्यावर ती सवय कामाला येते. दोन्ही बाजूंना भिंती वर जातात, आकाशाची पट्टी अरुंद होते, आणि पुढचे कित्येक तास एकच काम उरतं. धोंड्यावर पाय ठेवायचा, तो हलतो का पाहायचा, मग वजन टाकायचं. वाट अशी नाहीच. धोंड्यांच्या खालून, मधून, कधी त्यांच्या अंगावरून. कोकणकडा, ज्याच्यासाठी इथवर आलो, तो इथे अजिबात दिसत नाही. त्याच्याच कुशीत असूनही तो कुठे आहे ते सांगता येत नाही. मी म्हणेन की या वाटेचं बळ यातच आहे. पाचनईहून गेलेल्या माणसाला कडा एकदम दिसतो आणि तो फोटो काढतो. नळीतून गेलेल्याला आधी कड्याचा माल पाहावा लागतो, हाताने चाचपावा लागतो, मग कडा.

वरच्या भागात धोंडे संपतात आणि घसारा सुरू होतो. मुरूम, सुटी माती, बोटाएवढे खडे. पाय एक हात वर टाकला की वीतभर मागे येतो. वाटाड्याचा नियम असा की एकाने पार होऊन आडोशाला उभं राहिल्याशिवाय दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही. कारण इथे सुटलेला दगड खालच्या माणसाच्या डोक्याशीच जातो, घळीत त्याला दुसरीकडे जायला जागा नसते. आमच्या आधी डोंबिवलीचाच एक गट होता. वरून "दगड!" अशी आरोळी आली आणि मागोमाग टणत्कार करत एक धोंडा आमच्या बाजूच्या भिंतीवर आपटून फुटला. तुकडे बरेच लांब पडले. त्यानंतर भाच्याने हेल्मेटचा पट्टा सैल करायची भाषा केली नाही. मोठे गट या वाटेला आणू नयेत, असं माझं मत तिथे झालं. आठ-दहा माणसं पुष्कळ झाली. पंधरा-वीसची टोळी असली की शेवटच्या माणसावर वरच्या सगळ्यांचे पाय असतात.

कातळटप्पे तीन-चार लागतात, त्यांतले दोन लक्षात राहण्यासारखे. उंची फार नाही, तीस-चाळीस फूट. खाचा चांगल्या आहेत, आणि चढाईची सवय असलेला माणूस दोराशिवाय जाईलही. पण एका टप्प्यावर कातळाच्या पोटातून आडवं सरकावं लागतं आणि तिथे पायाखालची पावठी जेमतेम बुटाच्या टोकाएवढी आहे. खाली पाहिलं तर सकाळपासून चढलेली सगळी घळ एका नजरेत दिसते. वाटाड्या अनवाणी वर गेला, दोर लावला, कमरेला बांधलेल्या पट्ट्यात कडी अडकवली आणि म्हणाला, "काका, हात उंच नका शोधू, पाय शोधा." आयुष्यात मला चढाईबद्दल मिळालेला हा सगळ्यात उपयोगी सल्ला आहे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे दंड पाच मिनिटांत थकतात, मांड्या थकायला वेळ लागतो. मी पाय शोधले. बेसाल्टचं एक बरं आहे. जिथे तो घट्ट आहे तिथे लोखंडासारखा घट्ट आहे. आमचा चुनखडक असता तर एवढ्या पावसात या पावठ्या कधीच विरघळून गेल्या असत्या.

शेवटच्या टप्प्यानंतर कारवीचं रान लागतं. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी त्या वर्षी नुसत्या काठ्या होऊन उभी होती, पण तिच्या काठ्या धरून वर सरकायला बऱ्या पडतात. आणि मग माथा. एका पावलावर वारा.

बेलपाडा सोडल्यापासून दुपार उलटेपर्यंतचा वेळ चढण्यात गेला होता. सवयीच्या लोकांना सहा-सात तास लागतात, आमच्यासारख्यांनी आठ-नऊ धरावेत. माथ्यावरून वळसा घेत कोकणकड्याच्या काठाशी आलो, आणि काल संध्याकाळी खालून मोजायचे सोडलेले थर आता बाजूने दिसायला लागले. कड्याचा आतला बाक इथूनच नीट कळतो. काठावर उभं राहण्याची पद्धत नाही, झोपूनच पाहायचं. खालून येणारा वारा या बाकावर आदळून वर वळतो, त्यामुळे काठावरून टाकलेलं वाळकं पान खाली न जाता तोंडावर परत येतं. पाकोळ्या त्या वाऱ्यावर पंख न हलवता तरंगत होत्या. बरीच माणसं इथे वाऱ्याची गंमत पाहायला टोप्या आणि बाटल्यासुद्धा टाकतात. बाटली परत येत नाही, ती बेलपाड्याच्या वाट्याला जाते.

या काठाची एक जुनी नोंद आहे. कंपनी सरकारच्या सेवेत दख्खनची मोजदाद केलेले विल्यम हेन्री साईक्स यांचा इथल्या हवामानावरचा निबंध 1835 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. त्यात त्यांनी हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून खालच्या धुक्यात दिसलेल्या पूर्ण गोल इंद्रधनुष्याचं वर्णन केलं आहे, मधोमध पाहणाऱ्याची स्वतःची सावली. आपल्याकडे त्याला इंद्रवज्र म्हणतात. ते दिसायला सूर्य पाठीमागे आणि धुकं समोर खाली हवं. कडा पश्चिमेकडे पाहतो, म्हणून ते सकाळी दिसतं, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला किंवा तो ओसरताना. आम्ही भर हिवाळ्यात, कोरड्या दुपारी तिथे होतो. खाली कोकण उन्हात धुरकट पडलेलं, आणि मावळतीला जिथे समुद्र असायला हवा तिथे नुसती पांढरी पट्टी.

कड्याच्या नावावर गिर्यारोहकांनी बरीच पानं लिहिली आहेत. दोरावरून तो उतरला गेला आहे, खालून चढलाही गेला आहे. 2020 च्या जानेवारीत ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा इथेच मोहिमेदरम्यान मृत्यू झाला. या कड्यांवर दोर लावायला ज्यांनी दोन पिढ्यांना शिकवलं, त्यांतले ते एक होते.

मला मात्र काठावर बसून पाण्याचा विचार सुचला. कड्यावरून खाली पडणारा पाऊस काळू नदीला मिळतो, काळू उल्हासला, आणि दोन दिवसांत ते पाणी अरबी समुद्रात. काठापासून थोडं मागे सरकून पडलेला पाऊस मात्र मंगळगंगेतून मुळेत, मुळेतून प्रवरेत, प्रवरेतून गोदावरीत जातो आणि सगळं राज्य ओलांडून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला मिळतो. आमच्या वणीची निर्गुडा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत येते. म्हणजे या गडाचं पाणी आणि राजूरच्या नाल्यांचं पाणी गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला एकत्र येतं. भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मामा, आधी पिण्याचं पाणी बघू, आपलं संपलंय."

पाणी मंदिरापाशी आहे, आणि तिथे हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी जत्राही आहे. तंबूंच्या रांगा, पिठलं-भाकरीच्या झोपड्या, लिंबूसरबत. गडाचा इतिहास मोठा आहे, पण इथे त्याचं पुस्तक लिहायचं नाही. मराठ्यांनी तो अठराव्या शतकाच्या मध्यावर मोगलांकडून घेतला आणि 1818 मध्ये इंग्रजांनी त्याच्या वाटा-तटबंदी मोडून टाकली. त्याही आधीचं इथलं खरं वैभव देवळाचं. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर कातळ कोरून आणि बांधून असं दोन्ही प्रकारे उभं केलं आहे. त्याच्या भिंतींवरच्या शिलालेखांत चांगदेवांचं नाव आहे. त्यांनी तत्त्वसार हा ग्रंथ शके 1234 मध्ये, म्हणजे इसवी सन 1312 च्या सुमारास, याच डोंगरावर लिहिला असं मानलं जातं. जवळच केदारेश्वराची गुहा, कमरेइतक्या थंड पाण्यात पिंडी, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. उरलेला खांब पडला की कलियुग संपणार, अशी समजूत आहे. त्या पाण्यात मी उतरलो नाही. सकाळपासून ज्या गुडघ्यांनी काम केलं त्यांना बर्फात घालायची माझी तयारी नव्हती.

उतरायला आमच्यासाठी पाचनईची वाट होती, पुढे जीप आणि मग एसटीने त्या दुसऱ्या राजूरला, तिथून घोटीमार्गे नाशिक रोडला नंदीग्राम पकडायची. गुडघ्यांची काळजी असणाऱ्यांनी हाच क्रम ठेवावा, चढताना नळी आणि उतरताना पाचनई. नळीतून उतरणं म्हणजे घसाऱ्यावर बसून येणं, आणि त्यात मागचा माणूस सगळे दगड पुढच्याला पाठवतो. वाटाड्याला मात्र खाली बेलपाड्यालाच जायचं होतं. तो साधले घाटाने उतरणार होता. ती वाटही बेलपाड्यातच पोचते, नळीपेक्षा बरीच सोपी. आम्ही त्याला मुक्कामाचा आग्रह केला. तो म्हणाला, उद्या सकाळी गवताचे भारे आणायचे आहेत, आणि परवा पुन्हा नळीला माणसं आहेत. ठरलेले पैसे दिले, वर भाच्याने आपलं हेल्मेट देऊ केलं. ते त्याने डोक्यावर घालून पाहिलं आणि सैल आहे म्हणून परत दिलं.

आम्ही पाचनईत उतरून चहा सांगितला तोवर दिवे लागायला आले होते. चहा येण्याआधी त्याचा फोन आला. "काका, उतरलात का? मी पोचलो मघाच. जेवलोपण."